मुकी घंटा

रबाब : बूट काढू नका. तिथेच उभे राहा आणि तिथूनच बोला.

(जॉर्डनमधलं एक लहान गाव. दुपारची वेळ. अबू नायफच्या घराची बैठक. उंबऱ्याशी सरकारी इस्पितळातले भूल देणारे डॉक्टर गालिब.)

गालिब : दार लोटून घेतलंत तर बरं होईल. रस्त्यावरून दिसतंय.

रबाब : दिसू दे की. माझ्या आईला भूल दिली आणि परत जागं केलं नाही, तो डॉक्टर सूड टाळायला केलेल्या तहाची मुदत संपायच्या आत, तोंड दाखवायची मनाई असताना एकटाच आमच्या दारात आलाय. गावाला कळू दे. माझ्या भावाने, नायफने पाहिलं तर तह-बिह काही बघणार नाही तो.

गालिब : माहीत आहे.

अबू नायफ : रबाब, आत घे त्यांना. माणसाला उंबऱ्यावर ठेवून बोलत नाहीत आपल्यात.

रबाब : बाबा, आपल्यात बरंच काही करत नाहीत. पित्ताशयाचे खडे काढायला चालत गेलेली बाई दुपारी चादरीत गुंडाळून परत देत नाहीत.

अबू नायफ : आत घे म्हणतो ना.

गालिब : मी उभाच बरा आहे. चार वाजता आमच्याकडची जाहा, वडीलधारी मंडळी माफी मागायला येणार...

रबाब : येणारच. चाळीस पांढऱ्या दाढ्या. कॉफी समोर ठेवून घेतील, माफी मिळेपर्यंत हात लावणार नाहीत. ‘अल्लाची मर्जी होती, आमच्या मुलाला माफ करा’ म्हणतील. बाबा मान हलवतील, कॉफी पिऊन होईल, आणि उद्या तुम्ही कामावर. इतकं सगळं सोपं करून ठेवलंय, मग दोन तास धीर धरवला नाही?

गालिब : कागदावर सही करू नका, एवढं सांगायला आलोय.

अबू नायफ : कसला कागद?

गालिब : माफीनंतर पुढे करतील. आम्ही कुठेही तक्रार करणार नाही, असं लिहिलंय त्यात. आमच्या अधीक्षकांनी स्वतः टाईप करून घेतलाय. जाहाच्या लोकांना त्यातलं काही माहीत नाही, ते साधे लोक आहेत.

रबाब : आणि तुम्ही साधे नाही.

गालिब : नाही. नव्या कायद्याने अम्मानला समिती नेमलीय. तिथे तक्रार करा.

रबाब : तो कायदा मी वाचलाय, डॉक्टर. शाळेत शिकवते मी, वाचता येतं मला. पूर्वी पोलीस तुम्हाला त्याच दिवशी उचलायचे. आता आधी समिती बसणार. समितीत कोण, तर डॉक्टर. तुमची कातडी वाचवायला केलाय तो.

गालिब : थोडा त्यासाठीही. पण ती समिती इस्पितळाची कागदपत्रं मागवू शकते. यंत्राचीसुद्धा. कॉफीच्या बैठकीत यंत्राचं कोणी विचारत नाही.

अबू नायफ : यंत्राला काय झालं होतं?

गालिब : भूल देण्याच्या यंत्राला एक घंटा असते. पेशंटचा ऑक्सिजन तुटला की वाजते. रमझानपासून मुकी आहे ती. मी सहा पत्रं दिली. मंत्रालयाचं परिपत्रक आलं होतं, चूक दिसली की कळवा, कोणी बोल लावणार नाही. त्याच फॉर्मवर लिहून दिली.

रबाब : ते परिपत्रक तुमच्या व्हरांड्यात चौकटीत लावलंय. त्याच्याच खाली उभं राहून मला सांगितलं तुमच्या माणसांनी, आईचं हृदय आपोआप बंद पडलं म्हणून.

गालिब : आपोआप नाही. श्वासाची नळी निसटली होती.

रबाब : आणि तुम्ही कुठे होतात?

गालिब : बाजूच्या खोलीत. बाळंतीण अडली होती आणि भूल द्यायला त्या दिवशी मी एकटाच. पाच मिनिटं गेलो. घंटा वाजली असती तर...

रबाब : थांबा. घंटा मुकी आहे हे कोणाला माहीत होतं?

गालिब : मला.

रबाब : सहा पत्रं लिहिण्याइतकं माहीत होतं. तरी माझी आई तिच्या भरवशावर सोडून गेलात.

गालिब : हो.

रबाब : हो? एवढंच?

गालिब : यापुढे जे बोलेन ते स्वतःला वाचवायला असेल.

अबू नायफ : रबाब, खाली बस.

रबाब : नाही बसणार. बाबा, तुम्हाला राग कसा येत नाही?

अबू नायफ : येतो. एकतीस वर्षं तिच्या हातचं जेवलो. तीन दिवस झाले, तोंडात घास फिरतो नुसता. पण नायफ पेटला तर पोरगाही जाईल, म्हणून जाहाला हो म्हटलं. चाळीस माणसं दारात येतायत. त्यांना मी पाणी नाकारणार नाही.

रबाब : म्हणजे माफ करणार.

अबू नायफ : रक्ताला रक्त मागणार नाही, एवढं त्यांना देईन. सही नाही देणार. डॉक्टर, तक्रार केली तर तुमचं काय होईल?

गालिब : परवाना जाईल. कदाचित तुरुंग. पत्रांच्या प्रती आणल्यात मी. तक्रारीत माझं नाव पहिलं घाला, नंतर अधीक्षकांचं.

रबाब : ठेवा तिथे. उपकार म्हणून घेत नाहीये मी.

गालिब : नाहीच ते उपकार.

अबू नायफ : ते यंत्र आता कुठे आहे?

गालिब : तिथेच. मी रजा टाकलीय. माझ्या जागी दुसरा डॉक्टर येतो, उद्या सकाळी त्याच यंत्रावर तीन ऑपरेशनं आहेत.

अबू नायफ : त्या तिघांच्या घरी सांगितलंत?

गालिब : नाही.

अबू नायफ : मग इथे कशाला उभे आहात?