तलावातला झिरा बुजवल्याबाबत नागुबाईचा जबाब

नाव नागुबाई ग्यानोबा सूर्यवंशी, वय ५२ वर्षे, धंदा शेतमजुरी, शिक्षण दुसरी, रा. कोळवाडी, ता. उदगीर, जि. लातूर.

मी समक्ष ठाण्यात येऊन सांगते की, माझ्या घरी नळ नाही. उन्हाळ्यात गावचा तलाव आटला की आम्ही बाया तळात खुरप्याने झिरा खणतो आणि पाझरलेले पाणी वाटीने घागरीत भरतो. झिऱ्याला मालक नसतो. भरून झाले की वाटी पुढचीसाठी तिथेच ठेवायची आणि कुत्र्याने तोंड घालू नये म्हणून वर बाभळीची फांदी टाकायची, एवढाच नियम. तो कुणी लिहिला नाही आणि कुणी मोडला नाही.

दगडोबाची वीटभट्टी आहे, त्याला तलावाची माती पाहिजे. सोमेशचा जारच्या पाण्याचा प्लँट आहे, त्याची विहीर तलावाच्या काठाला. माती काढली तर विहीर आटेल म्हणून तो दगडोबाविरुद्ध अर्ज करत राहिला, दगडोबा त्याच्याविरुद्ध. मग तालुक्याचे साहेब आले, ग्रामसभा झाली. दोघेही "तलाव वाचवा" म्हणून बोलले. मला हसू आले. ठराव असा झाला की खालची बाजू दगडोबाला गाळ काढायला, वरची सोमेशच्या विहिरीसाठी राखीव, आणि इतरांनी तळात खोदकाम करू नये. इतर म्हणजे आम्ही. मी उठून म्हणाले, "साहेब, जेसीबीला परवाना आन् खुरप्याला बंदी, हे कोणच्या शाळंत शिकलाव?" सरपंच म्हणाले, "मावशी, बसा खाली. पर्यावरणाचा विषय हाय."

काल सकाळी मी झिऱ्यावर असताना दगडोबाची जेसीबी आली. पुढे मोटारसायकलवर सोमेश. एकमेकांचे तोंड न बघणारे एका मशीनीवर जमले. सोमेश म्हणाला, "नागूमावशी, घरपोच जार देतो की. कशाला वाकताव?" मी म्हणाले, "तलावाचं पाणी मलाच इकतूस व्हय रे? लाज हाय का न्हाई?" त्याने हात केला, जेसीबीने झिरा बुजवला. वाटी आत गेली. मी शिव्या दिल्या हे खरे आहे. दगड मारला हे खोटे आहे. मारला असता तर लागला असता.

वाटी कोणाच्या मालकीची असे विचारल्यावरून सांगते की, सगळ्यांची.

इथे मला प्यायला दिलेले पाणी सोमेशच्या जारचे आहे. मी प्याले नाही. पोलिसांनी जमा केलेले माझे खुरपे आजच परत द्यावे. उद्या त्याच जागी झिरा खणायचा आहे, हेही लिहावे.

जबाब वाचून दाखवला. त्यात "बायकांचा पाण्यावरून किरकोळ वाद" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. आता बरोबर आहे.

सही – नागुबाई