आठ प्रोसेसर आणि एक सासूबाई

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी सासरे आणि जावई बसले होते. आत सासूबाईंचं ऑपरेशन चालू होतं. दूरच्या शहरातले मोठे डॉक्टर पडद्यावर बघून इथल्या डॉक्टरांना कुठे कापायचं ते सांगत होते.

"जावईबापू, हे चित्र तुम्ही सांभाळता त्याच राउटरमधून जातंय ना?"

"हो मामा. आत आठ प्रोसेसर आहेत. चित्राचे बारीक तुकडे होतात आणि ते पुढे ढकलले जातात."

"आठही जण एकदम ढकलतात? मग मागचा तुकडा आधी पोचला, तर मोठ्या डॉक्टरांना टाके आधी दिसायचे आणि पोट नंतर."

"छे. एका चित्राचे सगळे तुकडे एकाच प्रोसेसरकडे जातात. रांग मोडत नाही."

"आणि उरलेले सात? माझ्या मेहुण्यांसारखे बसून खातात?"

"ते बाकीच्या हॉस्पिटलचं काम बघतात."

"कायम असंच?"

"कायम. फक्त काल चाचणीत वेग जास्त दिसावा म्हणून मी एकाच चित्राचे तुकडे आठही प्रोसेसरांत वाटून दिले होते."

"आणि मग पूर्ववत केलंत."

जावई खिशातला मोबाईल चाचपू लागला.

"जावईबापू?"

"तेवढ्यात तुमचा फोन आला, मामा. आईंना ॲडमिट केलंय म्हणून. मी तसाच धावत सुटलो."

दार उघडून नर्स बाहेर आली.

"पडद्यावरचं चित्र मागेपुढे उड्या मारतंय. डॉक्टर हात वर धरून थांबलेत. पेशंटचे नातेवाईक कोण?"

"मी नवरा."

"आणि हे?"

"हे राउटरचे नातेवाईक. अरे, बसलायस काय? पळ!"