बाबांच्या गुडघ्याचा आलेख

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर बाप-लेक बसले होते.

“बाबा, तुमचा गुडघा दर आठवड्याला किती वाकतो ते मी शाळेच्या प्रयोगासाठी मोजलं ना, त्याचा हा स्तंभालेख.”

“सगळे खांब सारखेच की! म्हणून म्हणतो, आजचं शेवटचं. उगाच हेलपाटे.”

“बाई म्हणाल्या, थोडाथोडा बदल दाखवायचा तर मोठं प्रमाण घेऊन रेषालेख काढ. तोही काढलाय. हा बघा.”

“अगं, ही रेष तर चढतेय!”

“मग!”

“इथे मध्येच कशी घसरली?”

“तेव्हा तुम्ही व्यायामाला दांडी मारली होतीत.”

“तेवढं खोडून टाक.”

“प्रयोगात खोडाखोड चालत नाही, बाबा.”

“बरं बाई, राहू दे. पण रेष पार कडेला टेकलीय. उजवीकडे अजून एक कागद चिकटव.”