फ्रिजमधली किल्ली

राहू द्या, माइक मीच खाली घेतो. याचा स्क्रू उलटा फिरतो. हं. मागे ऐकू येतंय?

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे निवृत्त मुख्याध्यापक, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, जे परवा परदेशी जात आहेत, कायमचे, आणि समोर बसलेले संगीतप्रेमी श्रोतेहो.

मी शिंपी आहे. सत्कारमूर्तींचा जुना सहकारी म्हणून संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली. चार गोड शब्द बोलायचे असं ठरवूनच घरातून निघालो होतो. पण आत्ता मानपत्र वाचलं गेलं. त्यात एक वाक्य आहे, 'आपला पहिला अल्बम आपण एकट्याने, घरच्या घरी, तुटपुंज्या साधनांत ध्वनिमुद्रित केलात.' साधनं तुटपुंजी होती, हे खरं. घरही होतं. ते माझं.

एकट्याने म्हणाल, तर आम्ही तिघं होतो. हे गायचे आणि गिटार वाजवायचे. मी बेस गिटार. माझा धाकटा भाऊ ड्रम. तो पाट्या रंगवतो. आज शेवटच्या रांगेत दाराशी बसलाय. त्याच्याकडे वळून बघू नका, त्याला आवडत नाही.

ध्वनिमुद्रण माझ्या कापड कापायच्या खोलीत झालं. चारी भिंतींना कापडाचे तागे उभे केले की त्या खोलीत टाळी वाजवली तरी घुमत नाही. माइक दोनच, एक उसना. म्हणून तिघांनी एकदम वाजवायचं. कोणाचंही चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. आणि एका माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरायचाच. तो अडवण्याची ऐपत कोणाची होती?

शेजारच्या स्वयंपाकघरात फ्रिज घरघरायचा. मुद्रण चालू असेपर्यंत तो बंद. आई म्हणायची, "फ्रिज बंद, पंखा बंद, तोंड बंद. श्वास घेतला तर चालेल ना रे?" एकदा फ्रिज चालू करायला विसरलो आणि सगळं नासलं. तेव्हापासून नियम झाला. सगळ्यांत शेवटी जायचे ते हे. तेव्हा फ्रिज बंद करताना यांच्या स्कूटरची किल्ली आत ठेवायची. किल्लीसाठी फ्रिज उघडावा लागणार, मग बटण दाबायचं लक्षात राहणार. कल्पना यांचीच. थंडगार किल्ली खिशात टाकत हे दर वेळी आईला सांगायचे, "काकू, तुमचं दूध वाचलं."

पाच महिने रविवारमागून रविवार गेले. दहा गाणी झाली. शेवटचं गाणं झालं त्या दुपारी दाराशी एक मोटार आली. हे म्हणाले, "मास्तर, डिस्क दोन दिवस ऐकायला नेतो." सगळं त्या एकाच डिस्कवर होतं. दुसरी प्रत का नव्हती, असं तुम्ही विचाराल. यांच्याकडेच आहे म्हटल्यावर प्रत कशाला, असं तेव्हा वाटायचं.

हे मोटारीतून गेले. स्कूटरनं जायचंच नव्हतं, तेव्हा किल्लीही लागली नाही. संध्याकाळी आईचा पाय पाण्यात पडला. फ्रिज बंद, आतला बर्फ वितळून फरशीवर आलेला, आणि वरच्या खणात किल्ली.

आम्ही हसलो. आई म्हणाली, "येईल. स्कूटर इथे, किल्ली इथे, जातोय कुठे?" स्कूटर आमच्या जिन्याखाली तीन वर्षं उभी आहे.

सहा महिन्यांनी एका कंपनीकडून अल्बम आला. बेस कोणा दुसऱ्याचा, ड्रमही दुसऱ्याचे. आमची नावं नाहीत. मी फोन केला. हे म्हणाले, ते सगळं कंपनी बघते, मास्तर. त्यानंतर फोन उचलला गेला नाही. मोठ्या माणसांना कामं असतात.

पण गाणारा गळा यांचा होता आणि तो आमच्या खोलीत मुद्रित झालेलाच ठेवला होता. तिसऱ्या गाण्यात हे श्वास घ्यायला थांबतात. तिथे धाकट्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला आणि म्हणाला, "दादा, हा मी आहे." मागे अगदी बारीक, ड्रमवर तारांचा ब्रश फिरतोय. गळ्याच्या माइकमध्ये शिरलेला. तेवढा त्यांना पुसता आला नाही.

धाकटा गेल्या वर्षी पाटी लावताना शिडीवरून पडला. उजवं मनगट आता पूर्ण वळत नाही. पाटी रंगवता येते, डाव्या हातानं. ड्रम नाही वाजवता येत. त्याचं नीट वाजवलेलं जगात एकाच ठिकाणी आहे, त्या डिस्कवर.

तेव्हा सत्कारमूर्ती, नाव नको. मानपत्रही असू द्या, चौकट सुंदर आहे. मला ती डिस्क हवी. परवा तुम्ही निघणार. उद्याचा दिवस मध्ये आहे. ही तुमची किल्ली, कार्यक्रम संपल्यावर बाजूला घेऊन द्यायला आणलेली. ती समोर ठेवतो. इथे, हारांशेजारी. स्कूटरला मी दर महिन्याला किक मारतो, सुरू होते. या, डिस्क ठेवा, स्कूटर न्या. चहा न घेता गेलात तरी चालेल. आई काही बोलणार नाही. तिनं तसं कबूल केलंय, आणि तिच्यासाठी ते सोपं नाही.

अध्यक्षांनी घंटी हातात घेऊनही वाजवली नाही, त्यांचा आभारी आहे. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आपलेही आभार. आनंदाच्या प्रसंगी माझा टाका कुठे वाकडा पडला असेल तर तो शिंप्याच्या पदरात घाला, संयोजकांच्या नको. त्यांना मी काय बोलणार हे माहीत नव्हतं. परवाच्या प्रवासाला शुभेच्छा. नमस्कार.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सभागृहाचा रखवालदार शिंपीमास्तरांचं घर विचारत आला. किल्ली हारांखाली राहिली होती, ती देऊन गेला.