सोमवारची हजेरी

वडनेर भोलजीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघे बोलत होते.

"ज्ञाना, ठाण्यातून येऊन राह्यला का बे?"

"हाव. जामिनाची हजेरी. पतसंस्थेचे अध्यक्षही आले होते. म्या कोंबडी खाल्ली, त्यायनं लोकायच्या ठेवी. हजेरी दोघायचीही सोमवारीच."

"मंग सोबतच बसले असान?"

"नाही बे. मी पायरीवर, त्यायले खुर्ची. तिथं शांतता समितीची मीटिंग होती. ते अजून समितीत हायत."

"काही बोलले?"

"बोलले ना! म्हणे, 'गावात चोर लय वाढले, नजर ठेवा.' सगळ्यायनं मान वळवून पाह्यलं."

"त्यायच्याकडे?"

"माह्याकडे! मंग म्या बी उभं राहून हात जोडले, सत्कार असल्यावानी."