मागच्या अंगणातला कस

मंडळी, नमस्कार. सुधाक्का, तुम्ही बसा, उठू नका.

इंदूची थोरली बहीण समोर बसली आहे, तिच्यासमोर मी इंदूबद्दल काय बोलायचं? इंदू या शाळेत विज्ञान शिकवायची, मी गणित. स्टाफरूममध्ये शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. गोड बोलायचं खातं तिच्याकडे होतं. माझ्याकडे ते कधीच नव्हतं, आज ती नाही म्हणून ते माझ्याकडे येणारही नाही.

तेव्हा जे डोळ्यांत खुपतंय, ते आधी बोलते.

हा फ्लेक्स बघा. इंदूचा फोटो हॉलच्या दारापेक्षा मोठा, आणि खाली 'निसर्गकन्या'. हा शब्द तिनं ऐकला असता तर ती हसून हसून बेजार झाली असती. पुष्पचक्र थर्मोकोलचं. हार ज्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आले, त्या पिशव्या तुमच्याच खुर्च्यांखाली पडल्यात. व्यासपीठावर पाण्याच्या बाटल्या, एकेक घोट पिऊन ठेवलेल्या. आणि माझ्याआधी जे जे बोलले ते सगळे पृथ्वीमाता, पृथ्वीमाता म्हणत होते. मला किळस आली. शोकसभेत असा शब्द वापरू नये, ठाऊक आहे मला. पण दुसरा शब्द शोधत बसायची आज ताकद नाही.

इंदू मुलांना घाबरवायची नाही. हे नीट ऐका, कारण तिचं सगळं शिकवणं यात आलं. मागच्या वर्षी शाळेत चित्रांची स्पर्धा झाली. विषय काय, तर 'मरणारी पृथ्वी'. मुलांनी रडणारी पृथ्वी काढली, सलाईन लावलेली पृथ्वी काढली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, बक्षिसं दिली. दुसऱ्या दिवशी चैत्रा, ती बघा तिसऱ्या रांगेत बसली आहे, स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. जेवली नव्हती. म्हणाली, "मिस, आपण सगळे सत्तुहोगणार का?" अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आपल्या घरांत बोलतात तसंच. आपण सगळे मरून जाणार का, असं ते पोर विचारत होतं.

तिच्या जागी मी असते तर काय बोलले असते, देवाला ठाऊक. इंदू म्हणाली, "ते नंतर बघू. आधी सांग, डब्यातल्या केळ्याची साल कुठे टाकलीस?"

"कसात."

"मग चल, तिचं काय झालंय बघू."

आणि तिला घेऊन मागच्या अंगणात गेली. जुन्या साली उकरून दाखवल्या. साली कुठल्या, काळी माती झाली होती, गांडुळं वळवळत होती. चैत्रानं त्या दिवशी डबा संपवला.

महाराष्ट्रातून नवीन आलेली काही मंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. कन्नडात कस म्हणजे केर. आम्ही जुनी म्हैसूरची माणसं घरातसुद्धा 'कस काढला का गं' असंच विचारतो, झाडून झालं का या अर्थानं. आणि तुमच्या मराठीत कस म्हणजे जमिनीतला जोर, जो असला तर पिकतं. आमच्या पोरांना हा दुसरा कस माहीतच नव्हता. तो इंदूनं शिकवला. खड्ड्यापाशी पोरांकडून पाटी रंगवून घेतली, 'आमच्या शाळेचा कस'.

झालं. शाळा कमिटीचे अध्यक्ष सर तणतणत स्टाफरूममध्ये आले. "टीचर, काय हे? शाळेचा केर म्हणून बोर्ड लावता? मर्यादे, काही मान आहे की नाही शाळेला?"

इंदू म्हणाली, "सर, दोन्ही खरं आहे. वरून टाकतो तो कन्नड कस. खालून काढतो तो मराठी."

मी चहा पीत होते, मला ठसका लागला. सर हसले नाहीत. पाटी काढली गेली. पण खड्डा राहिला, वाफे राहिले. म्हैसूरच्या लाल मातीत मुलांनी तेवढा एक तुकडा काळाभोर केला. त्यात अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा लागल्या, दोडके लागले. दर शनिवारी ती वर्गाला एकच प्रश्न विचारायची, "या आठवड्यात काय सुधारलं?" काय बिघडलं, हे तिनं कधी विचारलं नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, जगात इतकं वाटोळं चाललंय, आणि तू यांना दोडके मोजायला लावतेस?" तर म्हणाली, "लीला, वाटोळं त्यांना टीव्ही शिकवतो. दोडका कोण शिकवणार?"

मग ती आजारी पडली. ती घरी अंथरुणावर असताना शाळेच्या कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष सरांनी विचारलं, "मागचा कस काढायचा, फरशी घालायची, संमत?" आणि सगळ्यांनी हात वर केले.

का नाही करणार? आपण म्हैसूरची माणसं. आपलं शहर स्वच्छ म्हणून पाहुण्यांपुढे कॉलर ताठ करतो. कस काढायला नको कोण म्हणेल? ऐकणाऱ्यांना वाटलं, केराचा ढीग आहे, जातोय तर जाऊ दे. यातले काही जण नंतर माझ्याकडे येऊन म्हणाले, "लीला मिस, आम्हाला वाटलं कस म्हणजे कस." मी विचारलं, कुठला? इतकी वर्षं या शाळेत येताय, हॉलच्या मागे काय आहे ते एकदा चालत जाऊन बघायला तुमचे पाय दुखत होते का?

पण सर, तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही पाटी वाचली होती. दोन्ही कस तुम्हाला तिनं स्वतः समजावून सांगितले होते. मान खाली घालू नका, मी तुमच्याशीच बोलते आहे.

माणसं आली, फावडी घेऊन. त्यांचा काय दोष? सांगितलं तेवढं त्यांनी केलं. वाफे खणले, वेल उपटले, सगळी माती भिंतीशी ओतली. आणि हे इंदूला सांगायला कोण गेलं? आपल्यातलं मोठं कोणी गेलं? चैत्रा गेली. मी तिथेच बसले होते. पोर दारातूनच म्हणाली, "मिस, आपला कस काढला."

इंदूनं डोळे मिटले. मला वाटलं, आता ही रडणार. मला तर तिथून उठून सरळ सरांच्या घरी जायचं होतं. तिनं एवढंच विचारलं, "माती नेली का?"

"नाही. भिंतीशी ढीग आहे."

"मग काय झालं? परत घाला. माती कुठे रागावते?"

माती रागावत नसेल. मी रागावते. इंदूचा स्वभाव मला दिला नाही देवानं. ती गेली त्या दिवशी फरशीच्या विटांची गाडी फाटकातून आत आली. आणि आज, तिच्या शोकसभेत, आत्ता थोड्या वेळापूर्वी, सरांनी जाहीर केलं की सोमवारी फरशी घालणार आणि त्या फरसबंद जागेला तिचं नाव देणार. 'इंदू पर्यावरण प्रांगण'. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शोकसभेत टाळ्या. सुधाक्कांनी वाजवल्या नाहीत, मी बघत होते.

तिच्या मातीवर विटा घालायच्या, आणि विटांवर तिचं नाव घालायचं. याला श्रद्धांजली म्हणतात का? मला सांगा, सोमवारी या पोरांना काय शिकवणार आहात? की बाई चांगली होती, तिचं शिकवणं तेवढं अडचणीचं होतं?

मी भांडायला आले नाही. बरं, आले आहे. पण एक विनंतीही आहे. फावडी अजून व्हरांड्यात आहेत. घमेली आहेत. उद्या रविवार आहे, परवा विटा बसतील. म्हणजे माती परत वाफ्यांत घालायची तर आजउद्याच. कमिटीची पुन्हा बैठक वगैरे नको. सुम्ने वेळ जाईल, उगाच.

आता मौन पाळायचं, तशी रीतच आहे. सगळ्यांनी उभं राहू या. सुधाक्का, तुम्ही बसूनच असा. पण डोळे मिटू नका कोणी. डाव्या हाताच्या खिडकीतून तो मातीचा ढीग दिसतो. त्याच्याकडे बघत उभे राहा.

किती वेळ, ते मी सांगणार नाही. 'मौन संपलं' असंही मी म्हणणार नाही. जो बाहेर जाऊन मातीचं घमेलं उचलेल, त्याचं संपेल. बाकीच्यांनी उभं राहावं. सर, तुम्हीसुद्धा.

इंदू, नमस्कार गं.