कोपरावरचा सोरायसिस आणि नळावरचा नंबर

तुम्ही हसाल, पण सोरायसिससारखा गुणी आजार नाही. त्र्याऐंशी साली बदलापूरला, कुळगावच्या आमच्या चाळीत नळ एकच, पाणी अर्धा तास. दुसरीचा हंडा मागे ढकलून आपला पुढे सरकवायचा, ही तिथली रीतच. पण माझ्या कोपरांवर पांढरे पापुद्रे सुटायला लागले आणि माझ्या हंड्याला कुणी बोट लावेना. वर्षभर माझा नंबर पहिला!

मग सासूबाईंनी मला उल्हासनगरला, कॅम्प चारच्या सिंधी डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, "घाबरू नको बेटी, जिवाला धोका नाही. कमी-जास्त होत राहणार, लेकिन छूने से किसी को नहीं होता."

झालं! सासूबाईंनी चाळभर दवंडी पिटली, "आमच्या सुनेचं हे कुणाला लागत नाही हो! खुशाल हात लावा!"

दुसऱ्या दिवशी माझा हंडा अकरावा. पाणी गेलं. कोरडा हंडा मी सासूबाईंपुढे आदळला. "आई, आजार तसाच राहिला, नंबर तेवढा गेला!"

त्या हंड्यात डोकावल्या, दार लोटून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "उद्या जरा खाजवत उभी राहा."